सगळीकडे गुगलचंच बटण दाबू का?

प्रश्न : नमस्कार भाऊ. मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार. हवामानाचं ॲप, बियाणं-औषधाच्या ऑनलाइन दुकानाचं ॲप, पोरीच्या अभ्यासाचं ॲप, जिथं जावं तिथं 'गुगलने साइन इन करा' असं येते अन् मी तेच दाबतो. पासवर्ड ध्यानात ठेवाची कटकट नाही. पोरगी म्हणते, "बाबा, ते एक खातं गेलं तं सगळंच जाईन. जागोजागी वेगळा पासवर्ड ठेवा." कोणाचं खरं?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, अर्धं तुमचं खरं, अर्धं पोरीचं. पण तुम्हा दोघांनाही सुचला नाही असा एक प्रश्न आधी मीच विचारतो. ते गुगल खातं उघडलं कोणी?

आमच्या सेवा केंद्रावर कास्तकार येतात, हातात नवा फोन, जुना फुटलेला किंवा पाण्यात गेलेला. "ईमेल काय?" विचारलं की म्हणतात, "ते दुकानवाल्यानं टाकून देल्लं होतं." पासवर्ड दुकानवाल्यालाही आठवत नाही. खात्याला जोडलेला नंबर कधी त्याचा, कधी भाच्याचा, कधी केव्हाच बंद पडलेल्या सिमचा. तुम्ही ज्या बटणाने दहा ठिकाणी आत जाता, ते बटण अशा खात्यावर उभं असेल तर पोरीची भीती शंभर टक्के खरी. त्यात कोणा चोराची गरजच नाही. फोन बदलला की दहाही दारं बंद.

म्हणून आजच फोनच्या सेटिंगमध्ये गुगल खातं उघडून जोडलेला नंबर बघा. तो तुमचा, चालू असलेला हवा. रिचार्ज न केल्याने बंद पडलेला नंबर किमान ९० दिवसांनी कंपनी दुसऱ्याला देऊ शकते, आणि मग खातं परत मिळवायचा कोड त्या अनोळखी माणसाच्या फोनवर जातो. पासवर्ड माहीत नसेल तर जुना फोन चालू आहे तोवर 'पासवर्ड विसरलात?' मधून नवा करून घ्या. फोन बंद पडल्यावर तेच काम फार अवघड होतं.

आता बटणाबद्दल. ते दाबल्यावर तुमचा पासवर्ड त्या ॲपकडे जात नाही. गावचा पोलीस पाटील 'हा आमच्याच गावचा' असा दाखला देतो, तसं गुगल त्या ॲपला फक्त तुमची ओळख पटवून देतं. सोबत नाव, ईमेल आणि फोटो जातो. म्हणून एखाद्या फडतूस ॲपचा डेटा उद्या फुटला तरी त्यात तुमचा पासवर्ड सापडणार नाही. इथे तुमची बाजू भक्कम आहे. कारण वेगळे पासवर्ड ठेवा म्हटलं की लोक काय करतात ते मी रोज बघतो: पोराचं नाव आणि जन्मसाल, सगळीकडे तेच. एका ठिकाणी फुटलेला पासवर्ड चोर दुसऱ्या पन्नास ठिकाणी लावून बघतात. त्यापेक्षा गुगलचं बटण नक्कीच बरं. पोरगी खरंच प्रत्येक ठिकाणी वेगळा, लांब पासवर्ड ठेवून तो वहीत लिहीत असेल, तर मात्र तिची पद्धत चांगली. वहीला लोक हसतात. पण इंटरनेटवरचा चोर वही बघायला दारव्ह्याला येत नाही.

मोठ्या कंपनीचं कुलूप तुटतच नाही, असंही समजू नका. सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की 'व्ह्यू ॲज' नावाच्या सोयीतल्या चुकीमुळे चोरांनी लोकांच्या खात्यांच्या डिजिटल चाव्या मिळवल्या. आधी आकडा ५ कोटी सांगितला, नंतर तो सुमारे ३ कोटींवर आला. फेसबुकच्या बटणाने उघडणारी दुसरी ॲपंही त्या चाव्यांनी उघडता आली असती. तसं झाल्याचा पुरावा सापडला नाही असं कंपनीने सांगितलं, पण धास्ती कशाची असते ते त्यातून कळतं. शिवाय तुम्ही कोणकोणत्या ॲपवर जाता, हे बटणवाल्या कंपनीला कळत राहतं. ते चालत नसेल तर बटण दाबू नका.

बटण दाबल्यावर येणारी पाटी वाचा, घाई करू नका. नाव-ईमेल मागितलं तर ठीक. हवामानाच्या ॲपला तुमचे मेल वाचायचे असतील, नाहीतर फोनमधले नंबर हवे असतील, तर सरळ मागे फिरा. ब्राउझरमध्ये गुगलचा पासवर्ड विचारणारं पान आलं तर वरचा पत्ता 'अकाउंट्स डॉट गुगल डॉट कॉम' हाच आहे ना, ते पाहूनच पासवर्ड टाका. हुबेहूब नकली पानं निघतात.

एक छोटी भानगड केंद्रावर वारंवार दिसते. माणूस एकदा गुगलने आत जातो, पुढच्या वेळी मोबाइल नंबरने. मग "माझी मागची ऑर्डर गायब झाली!" गायब काही होत नाही, त्याच ॲपवर त्याची दोन खाती झालेली असतात. पहिल्यांदा जसे गेलात तसेच जा.

सरकारी कामाचं वेगळं आहे. केंद्र सरकारची स्वतःची 'मेरी पहचान' नावाची सोय आहे. तिच्यात डिजिलॉकरच्या एकाच लॉगिनने अनेक सरकारी संकेतस्थळांवर जाता येतं. तिथेही गाडी मोबाइल नंबरवरच अडते, म्हणून आधारला जोडलेला नंबर चालू ठेवा. बँकेचं काम सिम आणि पिनवर चालतं. त्याचा या बटणाशी संबंध जोडू नका.

वापरात नसलेली ॲपं गुगल खात्याच्या 'सुरक्षा' विभागात जाऊन तोडून टाका. तोडल्याने त्या ॲपकडे आधीच गेलेली माहिती पुसली जात नाही. ती पुसायची तर त्या ॲपमधलं खातंच बंद करावं लागतं.

शेवटचं काम पोरीकडून करून घ्या, तिला ते पटकन जमेल. खात्याला 'दोन टप्प्यांची पडताळणी' लावा, म्हणजे पासवर्ड टाकल्यावर तुमच्या फोनवरूनही खात्री द्यावी लागते. त्यानंतर गुगल ८ आकडी असे १० बॅकअप कोड देतं. फोन हरवला तर त्यातला एकेक कोड एकदाच चालतो. ते कागदावर उतरवून सातबारा ठेवता त्या पिशवीत ठेवा. फोटो काढून त्याच फोनमध्ये ठेवू नका.