गैरहजर मुलाच्या घरी, त्याच दिवशी

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे चार पानी पत्र परवा मिळाले. जून जवळ आला की पोटात गोळा येतो, बरोबरीच्या शिक्षिका प्रवेशोत्सवाच्या तोरणांचा आणि फुग्यांचा विचार करत असताना आपल्याला मात्र उत्साह कसा तो वाटत नाही, आणि असे वाटणाऱ्या बाईने या पेशात राहावे का, असे तू विचारले आहेस. धीर देण्यात मी शाई घालवणार नाही. तू ही नोकरी केवळ पोटासाठी धरलेली नाहीस हे मला ठाऊक आहे, नाहीतर १६,००० रुपयांच्या मानधनावर शिक्षण सेवक म्हणून तिसरे वर्ष काढणाऱ्या मुलीने स्वतःच्या लायकीविषयी चार पाने लिहिलीच नसती.

मी १९८८ साली बालाघाटच्या डोंगरातल्या दोन खोल्यांच्या शाळेत रुजू झालो आणि २०२१ साली निवृत्त झालो. या ३३ वर्षांत शाळा उघडण्याच्या आदल्या रात्री मला नीट झोप लागल्याचे आठवत नाही. आदल्या दिवशी कुलूप काढले की महिनाभर पत्र्याखाली तापलेल्या खोलीचा कोंदट वास अंगावर येई, फळ्याच्या कडेला पालीच्या लेंड्या, खडूच्या डब्यात मुंग्या आणि कोपऱ्यात सुतळीने बांधलेले बालभारतीच्या पुस्तकांचे गठ्ठे असत. झाडलोट झाल्यावर मी नवे हजेरीपत्रक उघडून नावे लिहायला बसे. मुलग्यांची निळ्या शाईने, मुलींची लाल शाईने. एकेक नाव लिहिताना उद्या हे मूल येईल का, हीच शंका मनात असे. तुझ्या पोटातला गोळा तोच आहे, फक्त तो कशाचा आहे हे तू ओळखलेले नाहीस.

तू तुझ्या भीतीचे कारण वाचनाचे स्तर, नवा अभ्यासक्रम, शाळा तपासायला येणाऱ्या केंद्रप्रमुखांची भेट आणि भरायच्या माहितीचे रकाने यांत शोधतेस, आणि त्यावर साडेतीन पाने लिहितेस. तिसऱ्या पानाच्या तळाशी मात्र दीड ओळ आहे: ‘पटावर २७ होते, त्यांपैकी तिघे जानेवारीनंतर दिसलेच नाहीत.’ बाई, तुझे सगळे पत्र त्या दीड ओळीत आहे. त्या तिघांची नावेसुद्धा तू लिहिली नाहीस याचा मला राग आला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

माझ्याजवळ तुला देण्यासारखी एकच गोष्ट आहे आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. गैरहजर मुलाच्या घरी त्याच दिवशी जावे. दुसऱ्या दिवशी, शनिवारी किंवा पालकसभेच्या निरोपाबरोबर नव्हे, तर त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आधी, स्वतःच्या पायांनी जावे. शिक्षण हक्क कायद्याच्या २४व्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये सांगताना पालकांना नियमित भेटून मुलाच्या उपस्थितीविषयी कल्पना देणे हे नेमून दिलेले आहे, हे तुला पदविकेच्या वेळी शिकवलेच असेल. शासनानेही १९९२ साली दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती-जमातींच्या आणि भटक्या-विमुक्तांच्या पहिली ते चौथीतल्या मुलींसाठी हजेरीच्या प्रत्येक दिवसामागे एक रुपया भत्ता सुरू केला होता. रक्कम किती तोकडी होती ते सोडून दे. मूल शाळेत येणे हीच पहिली पायरी आहे, एवढे त्या रुपयामागे कुणाला तरी उमगले होते.

तू म्हणशील, पाचची एसटी चुकली तर तालुक्याला परतायचे कसे? हा प्रश्न खरा आहे, आणि एकट्या तरुण बाईला वस्त्यांवर फिरताना किती विचार करावा लागतो हे माझ्यासारख्या पुरुषाला पुरते कळणार नाही. म्हणून अंगणवाडीताईंना किंवा शाळा व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या मावशींना बरोबर घे, मधल्या सुट्टीत जा. पण त्याच दिवशी जा. वेळ मिळत नाही हे कारण मात्र मला सांगू नकोस, कारण ते मी स्वतः एकदा वापरले आहे.

२०१६ च्या जूनमध्ये विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरायचे काम आमच्यावर होते. गावात इंटरनेट नव्हते, त्यामुळे शाळा सुटली की मी कागदांची पिशवी घेऊन तालुक्याला जात असे आणि तिथल्या एका दुकानात रात्री उशिरापर्यंत बसत असे. चौथीतली एक मुलगी सोमवारी आली नाही. मी हजेरीपत्रकावर खूण केली आणि पुढचे नाव पुकारले. तिच्या घरी मी गेलो ते नवव्या दिवशी. दाराला कडी होती. शेजारणीने सांगितले की तिची आई बाळंत झाली असून बाळाला सांभाळायला मुलीला आजोळी नेले आहे, आणि पहिले पाच-सहा दिवस ती इथेच होती, समोरच्या ओट्यावर बसून असायची. पाच-सहा दिवस! शाळेपासून ते घर चालत सात मिनिटांवर होते.

याच्या पुढचे मी आजवर कुणाला लिहिलेले नाही. शिक्षकांची पदे ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतात, हे तुला ठाऊक आहे. कायद्याच्या कोष्टकाप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१व्या मुलापासून तिसरा. तिच्या नावासह आमचा पट बरोबर ६१ भरत होता, आणि मुख्याध्यापकपदाचा कार्यभार माझ्याकडेच होता. मी तिचे नाव ठेवले. तिसरा शिक्षक राहिला तर उरलेल्या साठ मुलांचे भले होईल, असे मी स्वतःला सांगितले, आणि त्यात खोटे काही नव्हते. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेला एक ट्रॅक्टर शाळेसमोरच्या चढावर थांबला. ट्रॉलीत राहायच्या कोप्यांचे, म्हणजे झोपड्यांचे, बांबू, हंडे, सरपण आणि बांधलेल्या शेळ्या यांच्यामध्ये ती धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने मला पाहिले आणि मोठ्याने विचारले, “गुर्जी, माझं नाव हाये का अजून हजेरीत?” मी ‘आहे’ म्हणालो. ती हसली. तिला ते ऐकून बरे वाटले, आणि मला त्या दिवसापासून लाल शाईचे पेन हातात धरताना तो ट्रॅक्टर आठवतो.

त्यानंतर निवृत्तीपर्यंतच्या पाच वर्षांत मी एकही दिवस चुकवला नाही. माहिती उशिरा दिली म्हणून मला दोनदा ‘कारणे दाखवा’ नोटीस आली. ‘सायंकाळी गैरहजर मुलांच्या घरी गेलो होतो’ असा खुलासा मी दोन्ही वेळा लिहिला आणि शेरेही दोन्ही वेळा निमूटपणे सोसले. केंद्रप्रमुखपदासाठी अर्ज करण्याचा आग्रह झाला तेव्हा मी नकार दिला, आणि सहकाऱ्यांनी मला हटवादी ठरवले. माझ्या स्वतःच्या मुलाच्या दहावीच्या वर्षी मी त्याच्या शाळेत एकदाही गेलो नाही. दुसऱ्यांच्या ओट्यांवर तेवढे बसता, असे त्याची आई म्हणाली, आणि त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. तरीही मला विचारशील तर मी पुन्हा तेच करेन, कारण माझ्या मुलाला विचारणारी आई घरात होती, आणि त्या वस्त्यांवर मूल शाळेत का आले नाही हे विचारायला माझ्याशिवाय कुणी येणार नव्हते.

तुझ्या गावातले निम्मे आई-बाप कोयता उचलून जातात, म्हणून जूनचा हिशेब तुझ्यासाठी आणखी कडक आहे. दिवाळीपर्यंतचे चार-साडेचार महिनेच तुझ्या हातात आहेत. या काळात ज्या घरात शिक्षिका तीन-चारदा येऊन बसलेली असते, त्या घरात ऊसतोडीला निघताना मुलाला आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात ठेवण्याचा विषय निदान निघतो. जिथे ती पहिल्यांदाच ऑक्टोबरात येऊन मुलाला नेऊ नका म्हणते, तिथे आई-बापाने तिचे का ऐकावे? मजुरीची आगाऊ उचल घेतलेली असते, टोळीच्या मुकादमाला शब्द दिलेला असतो.

आणि गेल्यावर काय बोलायचे, तेही सांगतो. अभ्यासाचे काढू नकोस, आई-बापाला दोष देऊ नकोस, कायदा तर मुळीच सांगू नकोस. मुलाला जवळ बोलाव आणि आज वर्गात कोणती गोष्ट सांगितली, खेळात कोण पडले, खिचडीत काय होते ते त्याला सांग. आपण नव्हतो तरी आपली आठवण निघाली, एवढे त्याला कळले की पुरे. मग चहा आला तर घे. निघताना ‘उद्या ये’ असे मुलालाच म्हण, बापाला नव्हे. एक शंभर पानी वही कर आणि तारीख, मुलाचे नाव आणि न येण्याचे कारण रोज लिही. महिन्याभरात तुझ्या लक्षात येईल की ‘आळस’ हे कारण त्या वहीत जवळजवळ नाहीच. धाकटे भावंड, बाजाराचा दिवस, वाळत घातलेला एकुलता एक गणवेश, तुटलेली चप्पल, आजारी शेळी, हेच सारखे येईल. वाचनाच्या स्तरांचा तक्ता तू भिंतीवर लाव, मी अडवत नाही. पण ती वही नसेल तर त्या तक्त्यात तुझ्या त्या तिघांचा रकाना कायम कोराच राहील.

राहायचे की नोकरी सोडायची, या तुझ्या प्रश्नाला मी मुद्दाम उत्तर देत नाही. शाळा उघडायला अजून नऊ दिवस आहेत. ते तिघे ज्या घरांत राहतात त्यांतले एक ओढ्यापलीकडच्या वस्तीवर आहे, असे तू मागे दिवाळीच्या पत्रात लिहिले होतेस. मृग बरसला की तो ओढा दोन-दोन दिवस उतरू देत नाही, म्हणून आधी तिथेच जाऊन ये. आणि पुढच्या पत्रात त्या तिघांची नावे पहिल्याच ओळीत लिही.

तुझे गुरुजी