फडाच्या टोकाचे पाणी

जळगाव

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या संशोधनाचा आराखडा दोनदा वाचला. रावेर-यावलकडील निरोगी माणसांना कच्च्या केळीचे पीठ देऊन आतड्यातील जिवाणू आणि प्रतिकारशक्ती यांत काय बदल होतो ते पाहण्याचा तुझा विचार मला मनापासून आवडला. कच्च्या केळातील बरेचसे स्टार्च लहान आतड्यात पचत नाही; ते मोठ्या आतड्यात पोहोचते आणि तेथील जिवाणू ते आंबवून ॲसिटेट, प्रोपिओनेट व ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्ले तयार करतात. मात्र केळ पिकले की याच स्टार्चची साखर होते आणि पीठ शिजवले की ते पुष्कळसे पचण्याजोगे होते, म्हणून घड केव्हा कापला आणि पीठ कसे खाल्ले याची नोंद ठेव.

एक गोष्ट मात्र मला खटकली. विष्ठेतील ब्युटिरेट मोजले की आतड्याला ते किती मिळाले हे कळेल, असे तू गृहीत धरले आहेस. उमेदवारीच्या काळात मीही हेच धरून चाललो होतो आणि त्यात माझे एक वर्ष वाया गेले. ही आम्ले सुमारे ९५ टक्के मोठ्या आतड्यातच शोषली जातात. विष्ठेत सापडते ते उरलेले. पांझरा नदीकाठच्या फडात, म्हणजे बंधाऱ्याच्या पाटावर सामाईक भिजणाऱ्या शेतांच्या पट्ट्यात, टोकाला बाहेर पडणारे पाणी मोजून पिकाने किती पाणी घेतले हे जसे सांगता येत नाही, तसेच हे आहे.

शोषलेले ब्युटिरेट आतड्याच्या अस्तराच्या पेशींचे मुख्य इंधन असते. ते जाळताना त्या पेशी प्राणवायू वापरतात, त्यामुळे आतड्याची पोकळी प्राणवायूविरहित राहते आणि जिवाणूंना आत शिरू न देणारा अस्तराचा अडसरही भक्कम होतो. शिवाय ब्युटिरेट हिस्टोन डीॲसिटिलेज या, जनुके मिटवून ठेवण्यास मदत करणाऱ्या विकरांना रोखते, आणि नियामक टी-पेशी (प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या पेशी) घडवणारे फॉक्सपी-३ जनुक अधिक सक्रिय होते. उंदरांतील हा परिणाम २०१३ साली प्रसिद्ध झाला. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये ज्या पेशींची ओळख पटवली आणि ज्यांच्या अभ्यासाला २०२५ चे नोबेल मिळाले, त्याच या पेशी. पण निरोगी माणसाच्या आतड्याचा तुकडा तुला मिळणार नाही आणि रक्तातील नियामक पेशी म्हणजे आतड्यातील नव्हेत, म्हणून निष्कर्षाची भाषा आताच आवर. विष्ठेतील आयजीए (आतड्यात स्रवणारे प्रतिपिंड) आणि त्याचा लेप असलेले जिवाणू मात्र तुला मोजता येतील. आतड्याची प्रतिकारयंत्रणा कोणत्या जिवाणूंकडे लक्ष देते हे त्यातून दिसते.

‘चांगले जिवाणू, वाईट जिवाणू’ हे शब्द प्रबंधातून काढून टाक. उंदरांतील खंडित तंतुमय जिवाणू टीएच-१७ या दाह वाढवणाऱ्या प्रतिकार-पेशी वाढवतात; त्याने आतड्यातील एका रोगजंतूपासून रक्षण होते, तर संधिवाताकडे कल असलेल्या उंदरांत तोच जिवाणू आजार वाढवतो.

प्रत्येक व्यक्तीची तुलना तिच्याच आधीच्या स्थितीशी कर, कारण रोज कळण्याची (ज्वारी व उडदाच्या पिठाची) भाकरी खाणाऱ्याचे आणि न खाणाऱ्याचे आतडे एकाच पायरीवरून सुरुवात करत नाही. ज्यांनी अलीकडे प्रतिजैविके घेतली असतील त्यांना वगळ. नमुना उन्हात राहिला तर किण्वन चालूच राहते आणि आकडे बदलतात, म्हणून वैशाखात बर्फाच्या पेटीशिवाय रावेरला जाऊ नकोस. पहिल्या फेरीला मी तुझ्यासोबत येईन.

तुझा,
सर