पूरग्रस्त गावांत ‘हवामान न्याया’वर सर्वेक्षण करायचं आहे, इंग्रजी प्रश्नावली भाषांतर करून वापरली तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात एम.ए. मानसशास्त्राचा प्रबंध, करवीर आणि शिरोळ तालुक्यांतली पूरग्रस्त गावं, विषय ‘अन्यायाची भावना आणि पर्यावरण चळवळीतला सहभाग’. (हवामान न्याय म्हणजे हवामान बिघडवलं कुणी आणि त्याचा भार सोसतंय कोण, हा प्रश्न.) तयार इंग्रजी प्रश्नावली चालेल का, आणि किती माणसं घ्यावीत?

भाषांतर करून जशीच्या तशी वापरू नका. अडचण भाषेची आहेच, पण त्याहून मोठी अडचण त्या प्रश्नावलीतल्या गृहीतकाची आहे. तिथे अन्याय करणारे ‘ते’ वेगळे आणि सोसणारे ‘आपण’ वेगळे धरलेले असतात. पंचगंगेच्या काठी ही रेघ ओढता येत नाही. कारखान्याच्या सांडपाण्यावर चिडलेला शेतकरी त्याच कारखान्याचा सभासद असतो, त्याचं ऊसबिल तिथूनच येतं. इचलकरंजीतला प्रोसेसचा, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यातला कामगार नदीकाठी राहतो आणि त्याची मजुरी त्या रंगाच्या पाण्याशी बांधलेली असते. अशा माणसाला ‘प्रदूषण करणाऱ्यांवर कारवाई व्हावी का?’ असं विचारलं की तो ‘हो’ म्हणतो, पण त्या ‘हो’चा अर्थ तुम्हाला लावता येत नाही.

सिद्धान्ताची चौकट मात्र घ्या, ती उपयोगी आहे. व्हॅन झोमेरन, पोस्टमेस आणि स्पिअर्स यांनी २००८ साली १८२ निष्कर्ष एकत्र करून दाखवलं की माणूस सामूहिक कृतीत उतरतो त्यामागे तीन गोष्टी असतात: अन्यायाची जाणीव, ‘आपण मिळून हे बदलू शकतो’ हा विश्वास आणि गटाशी असलेली ओळख. २०१८ मध्ये फ्रित्शे आणि सहकाऱ्यांनी अशीच मांडणी पर्यावरणाच्या प्रश्नांसाठी केली. न्यायाची बाजू वाटप (कुणाला किती मिळालं), प्रक्रिया (ते कसं ठरलं) आणि दखल (आपल्याला कुणी मोजलं का) अशा तीन भागांत वेगळी विचारा. वाटपाबाबत मॉर्टन डॉइच यांची १९७५ ची विभागणी कोल्हापुरात नेमकी बसते: योगदानानुसार, सगळ्यांना सारखं, की गरजेनुसार? मदतीवरून गावात होणारी भांडणं बहुतेक याच तीन टोकांतली असतात. पिकाची भरपाई सातबारा पाहून ठरते, शेतमजुराची बुडालेली मजुरी त्या उताऱ्यावर कुठेच नसते. भाडेकरूचं तसंच. म्हणून नमुन्यात जमीनमालक, भूमिहीन आणि भाडेकरू यांची नोंद वेगळी ठेवा, नाहीतर तीन वेगळे अन्याय एकाच सरासरीत विरघळतील.

क्षेत्रकामात सगळ्यात जास्त घात करते ती पंचनाम्याची आठवण. पुरानंतर वही घेऊन दारात आलेला माणूस म्हणजे पंचनामा करणारा, हे लोकांच्या डोक्यात पक्कं आहे. मग नुकसान फुगवून सांगितलं जातं, प्रशासनावरचा राग गिळला जातो. यादीत नाव राहील की नाही, ही धास्ती त्यामागे असते. उपाय सोपे आहेत, पण ते काटेकोरपणे करावे लागतात. तलाठी, ग्रामसेवक किंवा सरपंचाला घरोघरी सोबत नेऊ नका, गावात आल्याचं कळवणं पुरे. आधार क्रमांक, खातं, नुकसानीची रक्कम काहीही मागू नका. ‘यातून मदत मिळणार नाही आणि बंदही होणार नाही’ हे वाक्य सुरुवातीला एकदा आणि नुकसानीच्या प्रश्नांआधी पुन्हा म्हणा. नुकसान रुपयांत न विचारता दिवसांत आणि उंचीत विचारा: २०१९ मध्ये किती दिवस घराबाहेर होता, २०२१ मध्ये किती, पाणी गुडघ्याला होतं, कमरेला की छताला, जनावरं वेळेत हलवता आली का. ‘तुम्ही पूरग्रस्त आहात का?’ या प्रश्नाला काही अर्थ नाही, सगळे हो म्हणतील.

आता शब्द. ‘न्याय’ म्हटलं की लोकांना कोर्ट आठवतं. ‘अन्याय झाला’ हे मात्र रोजच्या बोलण्यातलं आहे, ते वापरा. ‘पर्यावरण’ म्हणजे वृक्षारोपण आणि शाळेतला विषय, म्हणून ‘नदी’, ‘पाणी’, ‘पाऊस’ असं नाव घेऊन विचारा. ‘हवामान बदल’ ऐवजी ‘पूर्वी पाऊस कसा पडायचा, आता कसा पडतो?’ विचारा आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. भावनांचे शब्द निवडताना तर फार जपा. ‘राग’ कशाचाही येतो. अन्यायाविरुद्धच्या भावनेला आपल्याकडे नेमका शब्द ‘चीड’ आहे. ‘हळहळ’ आणि ‘हतबल वाटणं’ हे वेगळे प्रश्न करा, कारण माणसाला घराबाहेर काढते ती चीड, हळहळ नव्हे. या तिन्ही भावना एकाच पट्टीत घातल्या तर त्या एकमेकींना मारतात आणि मग सहभागाशी काहीच संबंध दिसत नाही.

उलट अर्थाची वाक्यं शक्यतो टाळा. ‘आमच्या बोलण्याने काही होत नाही असं मला वाटत नाही’ यावर मान डोलावणारा माणूस नक्की काय म्हणतोय हे त्यालाही ठाऊक नसतं. पाच पर्याय एका दमात वाचून दाखवू नका. आधी ‘पटतं की नाही?’, मग ‘थोडं की पूर्ण?’ असं दोन पायऱ्यांत विचारलं तर ज्येष्ठ माणसंही नीट उत्तर देतात. भाषांतर एकाने करावं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत करावं. त्यानंतर आठ-दहा गावकऱ्यांना प्रत्येक वाक्य ‘तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणून विचारा. ही शेवटची पायरी वगळणारे बरेच असतात आणि प्रश्नावली तिथेच बिघडते. मग तीस जणांवर चाचणी घ्या. आल्फा (एका पट्टीतली वाक्यं एकमेकांशी किती जुळतात याचं माप) ०.७० च्या खाली आला तर कोणतं वाक्य वेगळं वागतंय ते पाहा, नुसते प्रश्न वाढवू नका.

दोष कोणाचा हा प्रश्न एकच ठेवू नका. लोक जी नावं घेतात ती वेगवेगळी ओळीत मांडा: पाऊसच तसा झाला, धरणांचं पाणी आणि अलमट्टीची पातळी, महामार्गाचा भराव, पूररेषेतली बांधकामं, जगभरातला धूर, आपण स्वतः. प्रत्येकाला वेगळे गुण. समोरच्याचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या चुकीचं वाटलं तरी तिथे दुरुस्त करायला जाऊ नका, तुम्ही मोजताय ते त्याला काय वाटतं हे. या यादीतून तुमच्या प्रबंधाचा सगळ्यात मोलाचा भाग निघेल असं मला मनापासून वाटतं: जवळचा दोषी डोळ्यांसमोर असेल तर दूरचा दोषी दिसेनासा होतो का? हवामान न्यायाचे अभ्यासक श्रीमंत देशांच्या धुराबद्दल बोलतात, आणि आंबेवाडी-चिखलीतला माणूस धरणाच्या दरवाजांबद्दल. या दोन्हींत किती अंतर आहे हे कुणीतरी नीट मोजायलाच हवं.

सहभागासाठी ‘भाग घ्याल का?’ विचारू नका, इच्छा आणि कृती यांत फार फरक पडतो. गेल्या १२ महिन्यांतलं विचारा: ग्रामसभेत नदीचा विषय काढला का, निवेदनावर सही केली का, मोर्चाला गेलात का, जलपर्णी काढायला उतरलात का, माहिती अधिकारात अर्ज केला का, गणपतीची मूर्ती दान केली किंवा कुंडात विसर्जित केली का. किती वेळा, तेही लिहा. गटाची ओळख विचारताना ‘पर्यावरणवादी’ हा पर्याय जवळजवळ रिकामा येईल. शहरात ‘आमची तालीम’, ‘आमचं मंडळ’, गावात ‘आम्ही नदीकाठचे’, ‘आम्ही ऊसवाले’ या खऱ्या ओळखी आहेत. पुरात दोर आणि काहिली (गुऱ्हाळातल्या मोठ्या कढया) घेऊन कोण धावलं ते विचारा, ओळख आपोआप कळते. सामूहिक ताकदीचा विश्वास मोजताना टोलविरोधी आंदोलनाबद्दलचा एक प्रश्न जरूर घाला. ‘एकत्र आलो तर होतं’ याचा तो कोल्हापूरकरांच्या आठवणीतला ठोस दाखला आहे.

नमुन्याचं गणित: ०.२० इतका, म्हणजे दोन गोष्टींतला सौम्य सहसंबंध ८० टक्के खात्रीने पकडायला १९४ माणसं लागतात. पण तुम्ही एका गावातून २० जण घेणार, आणि एका गावातली माणसं एकमेकांसारखी बोलतात. गावांतर्गत साम्य ०.०५ धरलं तर १ + १९ × ०.०५ = १.९५, म्हणजे १९४ च्या १.९५ पट, सुमारे ३८० माणसं, १९ गावं. एकट्याने हे जमणार नसेल तर गावं कमी न करता प्रत्येक गावातली माणसं कमी करा. १९ गावांतून दहा-दहा घेतली, तर सहा गावांतून तीस-तीस घेण्यापेक्षा ते कितीतरी बरं. गावं निवडताना राजाराम बंधाऱ्याची पातळी उपयोगी पडते: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ३९ च्या आसपासच रस्ता तुटणारी गावं, ४३ नंतर वेढली जाणारी आणि पाणी न शिरलेली, अशा तीन थरांतून निवडा.

वेळ सकाळ-संध्याकाळच्या दूध संकलनानंतरची धरा, मुलाखत २५ मिनिटांच्या आत संपवा. दारात पुरुष उत्तर देतो आणि बाई आतून ऐकते, म्हणून बायकांसाठी मुलाखतकार बाईच हवी आणि बसणं वेगळं हवं. जुलैत पाणी चढत असताना घेतलेली आणि जानेवारीत घेतलेली उत्तरं एकत्र मिसळू नका. एकाच वेळी घेतलेल्या माहितीवरून ‘चिडीमुळे सहभाग वाढतो’ असं लिहू नका. मोर्चाला जाऊन आल्यावरही चीड वाढते. तेवढं ठामपणे म्हणायचं असेल तर त्याच माणसांकडे सहा महिन्यांनी परत जावं लागेल. विश्लेषणाला जमोवी हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर पुरे, ते फुकट मिळतं.

कार्यकर्त्यांच्या मुलाखती एकाच नेत्याच्या ओळखीतून घेतल्या तर एकच आवाज ऐकू येईल. शेतकरी संघटना, नदीप्रदूषणावर काम करणारे आणि तालीम-मंडळं अशा तीन ठिकाणांहून वेगवेगळी सुरुवात करा. ज्यांच्यावर आंदोलनाचे गुन्हे दाखल आहेत त्यांची नावं, गाव आणि पद एकत्र लिहू नका, गाव लहान असलं की पद सांगितलं तरी माणूस ओळखू येतो. पुराची आठवण काढताना कुणाला त्रास झाला तर तिथेच थांबा, उरलेले प्रश्न सोडून द्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत छापलेली चिठ्ठी प्रत्येक घरी देऊन या, फक्त रडलेल्यांनाच दिली तर ते शेजाऱ्यांच्या लक्षात येतं.