आधी सांग, तू कोण म्हणून आलीस

पोरी,

तुझा मेसेज रात्री दोनचा होता. मी सकाळी चहा घेताना वाचला आणि चहा तसाच निवून गेला. "सर, मनोरुग्णालयातला माझा तो खुनाचा आरोपी पेशंट माझ्याशी सगळं बोललाय. आता कोर्टाचं पत्र आलंय, कृत्याच्या वेळी तो भानावर होता का, याचा अभिप्राय मलाच द्यायला सांगितलाय. जे बोलला ते लिहू की नको?"

मला आधी एवढंच सांग, पहिल्या दिवशी त्याच्यासमोर बसलीस तेव्हा तू काय म्हणालीस? "झोप लागते का? जेवलात का?" असंच ना? औषध देणाऱ्याने असंच विचारायचं असतं. पण जिचा कागद उद्या सरकारी वकिलाच्या हातात पडणार आहे, तिचं पहिलं वाक्य वेगळं असतं. "मी आज तुमची डॉक्टर म्हणून आलेली नाही. कोर्टाने पाठवलंय. तुम्ही बोलाल ते मी लिहीन आणि जजसाहेब ते वाचतील. नाही बोललात तरी तुमचं औषध थांबणार नाही." हे त्याच्या भाषेत, त्याला कळेल अशा शब्दांत. आणि कळलं का, हे त्याच्याच तोंडून परत ऐकायचं.

मी हे वाक्य बोललो नव्हतो. माझ्या नोकरीचं तिसरं वर्ष होतं. मोठ्या भावाला कोयत्याने मारलेला एक शेतमजूर आमच्या वॉर्डात आला. भाऊ आपल्या भाकरीत काहीतरी कालवतो, असं त्याला वर्षभर वाटत होतं. तीन आठवडे तो भिंतीकडे तोंड करून होता. मी रोज जायचो, बाजूला बसायचो, कधी बिडीला पैसे द्यायचो. चौथ्या आठवड्यात तो बोलायला लागला आणि त्या सकाळचं सगळं त्याने सांगितलं. मी ते जसंच्या तसं रिपोर्टात उतरवलं. त्यात एक ओळ होती, "कृत्यानंतर कोयता हौदावर धुऊन खुंटीला लावला."

साक्षीला गेलो तेव्हा सरकारी वकिलांनी माझ्या सात पानांतली ती एकच ओळ मोठ्याने वाचली. म्हणजे डॉक्टर, रक्त धुऊन टाकायची अक्कल शाबूत होती? मला उत्तर सुचलं नाही. त्याला शिक्षा झाली. पुढे दोनेक वर्षांनी तुरुंगाच्या ओपीडीत तो भेटला. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. म्हणाला, "साहेब, मी ते तुम्हाला सांगितलं होतं. कोर्टाला नव्हतं सांगितलं." मग सहज बोलल्यासारखा म्हणाला, कोयता तर मी रोजच धुऊन ठेवायचो, ऊस तोडून आलो की. मी ते कधी विचारलंच नव्हतं.

ती एक ओळ इतकी जड का पडली, हे तुला कायद्यातून कळेल. कायदा नुसता आजार विचारत नाही. मनोरुग्णाला सूट देणारं आधीच्या भारतीय दंड संहितेचं कलम ८४ असो की १ जुलै २०२४ पासूनचं भारतीय न्याय संहितेचं कलम २२, प्रश्न एकच आहे, त्या क्षणी त्या माणसाला आपण काय करतोय, ते चूक आहे, हे कळत होतं का? त्या क्षणी तू तिथे नसतेस, मीही नसतो. आपली गाठ पडते ती महिन्या-दोन महिन्यांनी, गोळ्या सुरू झाल्यावर. म्हणून कोर्ट आधीचं आणि नंतरचं वागणं चाळतं. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बायकोचा खून केलेल्या महाराष्ट्रातल्या एका पोलीस शिपायाला ८४ खाली सोडलं. त्याला पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया, म्हणजे संशयाने पछाडणारा मानसिक आजार होता, वडिलांनाही मानसिक आजार होता, आणि घटनेनंतरच्या काही महिन्यांत त्याला पंचवीस वेळा उपचारासाठी न्यावं लागलं होतं. पण न्यायालयाने हेही टिपलं की तो लपला नाही, पळाला नाही. तो लपला नाही हे एका माणसाला सोडवायला उपयोगी पडतं, तसं कोयता धुतला हे दुसऱ्याला अडकवायला पुरतं.

तू पुढे लिहिलंयस, "मग सत्य लपवायचं का?" हा प्रश्न मला आवडला नाही. लपवायला कोण सांगतंय? त्या खटल्यात मेलेल्या भावाची बायकोही रोज कोर्टात येऊन बसायची, कडेवर पोर घेऊन. तिलाही खरं काय ते कळायला हवंच होतं. पण मी दिलं ते अर्धं खरं होतं, आणि तेही डॉक्टर म्हणून काढून घेतलेलं. आपण कोणाशी बोलतोय हे त्याला माहीत असतं, तर तो कदाचित गप्प बसला असता. कदाचित रोज कोयता धुतो, हेही त्याने सांगितलं असतं. वकील आणि अशिलाच्या बोलण्याला कायद्याने जे कवच दिलंय, ते कोर्टात आपल्या आणि रुग्णाच्या बोलण्याला नाही. त्याला हे माहीत नसतं. तुला माहीत आहे. म्हणून आधी सांगायचं.

आणि तो खुनी आहे म्हणून हे त्याला लागू नाही, असं तुमच्या वॉर्डात कोणी म्हणेलच. त्यांना २०१९ चा एक निकाल वाचायला दे. तो खटलाही महाराष्ट्रातलाच, दोन लहान मुलींवर अत्याचार आणि त्यांचा खून. शिक्षेनंतर आरोपीला गंभीर मानसिक आजार जडला, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने फाशी रद्द करून जन्मभराची कैद दिली. आणि आजाराची गोपनीयता म्हणून त्याचं नाव झाकलं. निकालावर नुसतं 'आरोपी एक्स' असं आहे. अशा माणसाचं नाव जर सर्वोच्च न्यायालय झाकतं, तर आपण रात्री दोन वाजता ऐकलेलं सकाळी टाइप करून मोकळं कसं व्हायचं?

त्या कोयत्यानंतर मी हट्टाला पेटलो. ज्याला मी औषध देतो त्याचा अभिप्राय मी लिहिणार नाही, दुसरा डॉक्टर द्या. अधीक्षक चिडायचे. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, आणि माणसं सगळीकडेच कमी. दुसरा डॉक्टर आणायचा कुठून? एका चोरीच्या केसमधला पोरगा माझ्या या हट्टापायी पाच महिने जास्त आत राहिला. नुसत्या तारखा पडत गेल्या. त्याची आई मला गेटवर भेटायची आणि काही न बोलता हात जोडायची.

उशीर म्हणजे काय असतं हे मला कळत नव्हतं असं नाही. आसामचे मचल लालुंग १९५१ मध्ये पकडले गेले आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात गेले. १९६७ मध्ये डॉक्टरांनी ते बरे असल्याचं लिहिलं, तरी सुटले २००५ मध्ये. चोपन्न वर्षं. तेविसाव्या वर्षी आत गेलेला माणूस सत्त्याहत्तराव्या वर्षी बाहेर आला. डॉक्टरचा कागद झाला होता, पण त्याच्या मागे कोणी गेलं नाही.

तरीही त्या पोराच्या बाबतीत मी चुकलो, असं आजही मी म्हणणार नाही. मी लिहिलं असतं तर पुढच्या प्रत्येकाला मीच लिहिलं असतं आणि वॉर्डातला कोणीही माझ्याशी मोकळेपणाने बोलला नसता. मात्र दुसरा डॉक्टर मिळावा म्हणून मी स्वतः कोर्टाला पत्र लिहायला हवं होतं. दर आठवड्याला बाबूच्या टेबलाशी जाऊन उभं राहायला हवं होतं. ते मी केलं नाही, आपलं तत्त्व सांभाळलं की काम झालं, असं धरून बसलो. ती आई अजून डोळ्यांपुढून जात नाही.

तेव्हा तू हे कर. आजच वरिष्ठांना लेखी दे, मी याची उपचार करणारी डॉक्टर आहे, तपासणीसाठी दुसऱ्याला नेमा. त्याची प्रत कोर्टालाही पाठव आणि पुढची तारीख स्वतः लिहून ठेव. दुसरा मिळालाच नाही, तर पुन्हा पहिल्यापासून बस. गार्डला दाराबाहेर उभं कर, तो कुरकुरेल. हातकडी काढायला लाव. खुर्ची समोर घे, पलंगावर बसू नकोस, रोजची भेट नाही हे त्याला दिसलं पाहिजे. मग ते वाक्य बोल. रात्री जे सांगितलं ते तुम्ही माझे पेशंट म्हणून सांगितलं, आज काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, असंही म्हण. वाक्य कधी सांगितलं ते वेळेसकट रिपोर्टात घाल.

तो बोलला तर प्रत्येक गोष्टीला विचार, हे तुम्ही एरवीही करता का? आणि नाही बोलला तर रागावू नकोस. तो बोलला नाही, एवढंच लिही. मला संध्याकाळी फोन कर, मी जागा असेन.