बॅडलँड्स, भाड्याची गाडी आणि सेज क्रीकचा कच्चा रस्ता

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. अमेरिकेतल्या साउथ डकोटामधलं बॅडलँड्स नॅशनल पार्क बघायला आई-बाबांना घेऊन सू फॉल्स शहरातून भाड्याच्या गाडीने निघायचं, बायसन (गव्यासारखे रानटी प्राणी) बघायला सेज क्रीक रिम रोडने आत शिरायचं, आणि गाडी देणाऱ्या कंपनीच्या काउंटरवरचा माणूस म्हणतो, "पार्कातले रस्ते आहेत, काही प्रॉब्लेम नाही." अगदी हेच आम्हालाही सांगितलं होतं.

रस्ता खडीचा आहे. कोरडा असला की साधी सेडानसुद्धा आरामात जाते. पण तिथल्या मातीत ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेलं बेंटोनाइट असतं, पाणी लागलं की ते फुगतं. दुपारी एक जोरदार सर येऊन गेली. समोरच्या पिकअपला वाट द्यायला आम्ही जरा कडेला झालो, तेवढ्यात चाकं मातीत गेली. टायरची नक्षी दिसेनाशी झाली, मडगार्डच्या आत चिखल इतका गच्च बसला की चाक फिरेना. काठीने खरवडला तर काठी मोडली.

फोनला रेंज येते-जाते. महत्प्रयासाने कंपनीची हेल्पलाइन लागली, तर उत्तर काय? डांबरी रस्ता सोडलात, आता आमची जबाबदारी नाही. टोइंग आमच्या खिशातून, वर गाडी धुण्याचे आणि खालून तपासण्याचे पैसे वेगळे. काउंटरवर काय सांगितलं होतं ते ऐकूनच घेतलं नाही. आय-९० महामार्गाने पश्चिमेला निघालेला पर्यटक बॅडलँड्सला थांबणार, हे त्या लोकांना पक्कं माहीत असतं. तरी डांबरी रस्ता सोडायचा नाही हे करारातलं कलम बारीक अक्षरात! अजून संताप होतो.

म्हणून सांगतो, खडीचा रस्ता चालेल हे ईमेलवर लेखी घ्या. लेखी देत नसतील तर उत्तर "नाही" असंच समजा. मी वकील नाही, तुमचा करार वेगळा असू शकेल, क्रेडिट कार्डाच्या विम्याचे नियमही कार्डागणिक बदलतात. पण तोंडी शब्दावर जाऊ नका. सकाळी पार्कच्या बेन राइफेल व्हिजिटर सेंटरमध्ये रेंजरला रस्त्याची अवस्था विचारा. कोरडा असेल तर त्याच रस्त्यावरच्या रॉबर्ट्स प्रेअरी डॉग टाउनपर्यंत (बिळात राहणाऱ्या, खारीच्या जातीच्या प्राण्यांची वस्ती) जाऊन मागे फिरा. बायसन बहुधा तेवढ्यातही दिसतात.

आई-बाबांसाठी तर हायवे २४० चा लूप रोडच उत्तम, सगळा डांबरी. विंडो आणि फॉसिल एक्झिबिट या दोन्ही ट्रेल्सना लाकडी पायवाट आहे. नॉच ट्रेलवरची ओंडक्यांची शिडी त्यांना चढायला लावू नका. यलो माउंड्स या टेकड्यांचे पिवळे-लालसर थर उतरत्या उन्हात बघा, भर दुपारी सगळं फिकं दिसतं. ट्रेलवर पाणी कुठेही मिळत नाही, व्हिजिटर सेंटरलाच बाटल्या भरून घ्या.

आणि हो, पार्क माउंटन टाइममध्ये आहे, म्हणजे तिथलं घड्याळ सू फॉल्सच्या एक तास मागे. जाताना एक तास जास्त मिळतो, सू फॉल्सला परतताना तो जातो. गाडी परत करायची वेळ ठरवताना हे धरा, नाहीतर उशिराचे पैसेही लावतील.