आधी पीएच, मग कार्बन

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या प्लेटिंग कारखान्यांच्या सांडपाण्यातले धातू कार्बनने (धातू पृष्ठभागावर धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र कोळशाने) काढायचं काम हाती घेतलंस, छान. पण कोणता कार्बन घेऊ हे विचारण्याआधी धातू कोणत्या रूपात आहे ते बघ. निकेल, शिसं धनभारित. सहा-संयुजी क्रोमियम मात्र क्रोमेट म्हणून ऋणभारित. पीएच (पाण्याच्या आम्लतेचं माप) कमी, म्हणजे पाणी आम्लधर्मी असलं की कार्बनचा पृष्ठभाग धनभारित होतो. म्हणून क्रोमियम पीएच 2-3 ला कार्बनवर नीट बसतं, तिथे निकेल दाद देत नाही. पीएच 9 च्या वर निकेल आपणहून हायड्रॉक्साइड होतं. तळाशी फिकट हिरवा गाळ दिसला की त्याचं श्रेय कार्बनला देऊ नकोस. म्हणून तुलनेसाठी कार्बन न घातलेला एक फ्लास्क कायम सोबत हवाच. कार्बनऐवजी कोराडी वीज केंद्राच्या राखेचं झिओलाइट (धातू धरून ठेवणारा सच्छिद्र पदार्थ) जरूर करून बघ, फक्त राखेतूनच काय झिरपतं ते आधी मोज. वापरलेला कार्बन नाल्यात अजिबात नाही, बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्रातच.