तीन जांभळे, एक खोली

खोलीच्या भिंतींसाठी तू शेडकार्डावर, म्हणजे रंगाच्या नमुन्यांच्या कार्डावर, निवडलेल्या तीन जांभळ्या रंगांत आत्ता फरक दिसणारच नाही, डोळे ताणू नकोस. छोटे सॅम्पल डबे आण आणि तीन पांढऱ्या कार्डशीटवर प्रत्येकाचे दोन-दोन हात मार. थेट भिंतीवर नको, जुना पिवळट रंग शेजारी असला की जांभळा भलताच दिसतो. शिवाय इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग, ओला असताना फिका वाटतो, वाळल्यावर गडद होतो. निकाल दुसऱ्या दिवशीच लाव.

मग शीट खिडकीसमोरच्या भिंतीवर चिकटव, नंतर कोपऱ्यात. सकाळी, दुपारी आणि मुख्य म्हणजे रात्री बघ. जांभळ्यात लाल आणि निळा दोन्ही असतात, त्यामुळे दिवा बदलला की तो पक्ष बदलतो. ६५०० केल्विनच्या (केल्विन हे दिव्याच्या प्रकाशाच्या छटेचं माप) पांढऱ्या ट्यूबखाली निळसर, २७०० च्या पिवळ्या दिव्याखाली लालसर, कधी चक्क मळकट. सदाशिव पेठेतल्या आमच्या खोलीत मी दुकानातल्या ट्यूबखाली शेड पसंत केली होती. घरी संध्याकाळी दिवा लावला, तर भिंत भाजलेल्या वांग्यासारखी! आईने तीन वर्षं ऐकवलं.

चारही भिंती रंगवणार असशील तर आवडलेल्यापेक्षा एक पायरी फिकी घे. आणि शेडचा कोड लिहून ठेव, नुसतं ‘लव्हेंडर’ म्हणून डबा मागू नकोस.